उतारा कोण वाचणार

ठकूची आत्या लाँड्रीत कामाला होती. आलेला कपडा उलटापालटा करून बघायचा, खिसे चाचपायचे, डाग कुठे आहे आणि कशाचा आहे ते पावतीवर लिहायचं, मग कॉलरच्या आत नंबराची चिठ्ठी टाचायची. बावीस वर्षं हेच काम. गिऱ्हाईक म्हणायचं, "नवाकोरा कोट आहे हो, डागबिग काही नाही," आणि आत्या बाही उलटून काखेजवळचा शाईचा ठिपका त्याच्यापुढे धरायची. मालक कौतुकानं म्हणायचा, "या बाईच्या नजरेतून डाग सुटायचा नाही." काउंटरवर ही नजर फार कामाची होती. घरी मात्र ती कधी कुणावर पडेल याचा नेम नसायचा.

घर भावाचं. भाऊ बेकरीत, पहाटेच्या पाळीला. भावजय नर्स, तिच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. आत्याचं लग्न एकदा ठरलं होतं, ते मोडलं. पुन्हा ठरलं नाही, आणि तिनंही फार मनाला लावून घेतलं नाही. कारण तोवर ठकू आली होती.

ठकू दीड वर्षाची असताना तापात तिची दृष्टी गेली. पुढे शाळा सुरू झाली तेव्हा ब्रेलची पुस्तकं यायला निम्मं वर्ष उलटायचं, आणि वर्गातलं फळ्यावरचं फळ्यावरच राहायचं. मग वाचून कोण दाखवणार? आईबाप पाळ्यांत अडकलेले. आत्या साडेतीनला लाँड्रीतून सुटायची, चारला घरी, पाय धुवायची आणि पलंगावर मांडी घालून बसायची. ठकू तिच्या गुडघ्याला टेकून. पहिलीच्या कवितांपासून अकरावीच्या इतिहासापर्यंत अख्खी शाळा आत्यानं त्या पलंगावर मोठ्यानं वाचली. स्वतः ती बारावीला इंग्रजीत आडवी झाली होती. त्यामुळे इंग्रजी पुस्तक हातात आलं की ती दगडधोंड्यांतून चालल्यासारखी चालायची. दिसेल तसा शब्द उच्चारायची, अडली की अक्षरं एकेक करून सांगायची. ठकू ती मनात जुळवायची आणि अर्थ उलट आत्यालाच सांगायची. दोघींचं छान चाललं होतं.

बारावीला मात्र इंग्रजीत न शिकवलेले उतारे आले. पानभर मजकूर, कधी दीपगृहाच्या राखणदाराचा, कधी मधमाश्यांचा, कधी कुठल्याशा कारखान्याच्या बंद पडण्याचा. त्याखाली प्रश्न. चूक की बरोबर, चार पर्यायांतला योग्य पर्याय कोणता, या शब्दाच्या अर्थाचा दुसरा शब्द शोधा, लेखकाला नेमकं काय म्हणायचंय. ठकूचा मोबाईल तिला सगळं वाचून दाखवायचा, पण परीक्षेत मोबाईल चालणार नव्हता. तिथे शाळा देईल तो लेखनिक उतारा वाचणार, प्रश्न वाचणार आणि ठकू सांगेल ते उत्तर लिहिणार. म्हणून सरावही माणसाच्या आवाजातच हवा, असं शाळेतल्या इंग्रजीच्या सरांचं म्हणणं.

"माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत," सर ठकूच्या वडिलांना म्हणाले. "नुकत्याच निवृत्त झाल्यात. इंग्रजी उत्तम. आठवड्यातून तीनदा घरी येऊन वाचून दाखवतील."

भावानं हे घरी सांगितलं तेव्हा आत्या कांदा चिरत होती. "वाचायला मी आहे की," ती म्हणाली.

"अगं ताई, तुझ्यावरचा भार हलका होईल."

"मी कधी म्हटलं भार होतो म्हणून?"

भावानं विषय बदलला. आत्यानं कांदा इतका बारीक चिरला की त्याचं पाणी झालं.

मॅडम आल्या आणि दारातच त्यांनी "नमस्कार" म्हटलं. ठकू ताडकन उठून उभी राहिली. "तुम्ही! बसस्टँडवरच्या तुम्हीच ना?"

तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारा आवाज होता तो. शहरातल्या लहानमोठ्या प्रत्येकानं तो ऐकलेला, चेहरा मात्र कुणी पाहिलेला नाही. ठकूच्या लेखी तर मॅडम म्हणजे कुणी फार मोठ्या असामी निघाल्या. "मला वाटायचं, तो आवाज यंत्राचा आहे," ती म्हणाली. मॅडम मनापासून हसल्या. ठेंगण्या होत्या, केस पांढरे, अंगात साधा स्वेटर. आत्यानं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. एकही डाग सापडला नाही, आणि पहिली ठिणगी तिथेच पडली.

पहिला उतारा एका बेटाबद्दल होता. मॅडम वाचू लागल्या आणि आत्याच्या हातातली बशी हातातच राहिली. वाक्य कुठे चढतंय, कुठे थांबतंय, कोण बोलतंय, कोण ऐकतंय, सगळं त्या आवाजात दिसत होतं. वाचून झाल्यावर ठकू भराभरा उत्तरं देऊ लागली. मध्येच म्हणाली, "त्या इसलँडवर जायला तो तयार नसतो, कारण..."

"आयलँड," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्यातला एस बोलायचा नसतो, बेटा."

ठकू थबकली. "मी लहानपणापासून इसलँडच म्हणते." मग तिला हसू फुटलं. "आत्या, ऐकलंस? इसलँड नाही, आयलँड!"

मॅडमही हसल्या. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे आत्याला त्याही वेळी कळत होतं. पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच. तो एस तिनंच दहा वर्षांपूर्वी या पोरीच्या तोंडात घातला होता, कुशीत घेऊन, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय उशीवर टाकून. आज एका बाईनं येऊन तो अलगद काढून टाकला.

त्या दिवसापासून आत्याच्या तोंडी मॅडमचं नाव 'घोषणाबाई' झालं. अर्थात त्यांच्या मागे. "आली का गं तुझी घोषणाबाई? का आज दोन तास उशिरानं धावतेय?" ठकू चिडायची. आत्याला तेही बरं वाटायचं, कारण निदान त्या निमित्तानं ती आत्याशी बोलायची तरी. एरवी तिच्या तोंडी सारखं मॅडमच. मॅडम म्हणतात अमुक शब्दाला दोन अर्थ आहेत. मॅडमनी आज कसलं सुंदर वाचलं. पूर्वी ठकू चार वाजता दाराशी येऊन उभी असायची, आत्याच्या चपलांचा आवाज ओळखायची. आता चार वाजता ती टेबलाशी बसलेली असे आणि कान मॅडमच्या पावलांकडे. मार्कही वाढले होते. वीसपैकी अठरा, कधी एकोणीस. भाऊ खूश, भावजय खूश, सर खूश. एकट्या आत्याच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं दाखवायचं कुणाला?

एकदा ती रात्रीच्या जेवणानंतर पुस्तक घेऊन पलंगावर बसली. "चल, इतिहास राहिलाय ना?"

"तो मी मोबाईलवर ऐकला," ठकू म्हणाली. "तू दमतेस आत्या. झोप तू."

ती प्रेमानंच म्हणाली होती. आत्या मात्र भिंतीकडे तोंड करून बराच वेळ जागी राहिली.

मग तो सोमवार आला. लाँड्रीत एका हॉटेलचे सगळे पडदे धुवायला आले होते, त्यामुळे आत्याला निघायला उशीर झाला. ती घरी पोचली तेव्हा उतारा वाचून संपला होता आणि मॅडम प्रश्न वाचत होत्या. आत्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकू लागली. उतारा कशाबद्दल होता, तिला ठाऊक नव्हतं. तरी तिसऱ्या प्रश्नाला तिचे कान टवकारले. मॅडमनी ए वाचला, बी वाचला, मग एक बारीकसा श्वास घेतला आणि सी जरा सांभाळून, हातात काचेचं भांडं असल्यासारखा वाचला. डी नुसताच उरकला. ठकू म्हणाली, "सी." "शाब्बास," मॅडम म्हणाल्या.

आत्यानं पिशवीतून पावतीपुस्तक काढलं आणि मागच्या कोऱ्या पानावर नुसत्या आवाजावरून उत्तरं लिहायला सुरुवात केली. चूक-बरोबरच्या प्रश्नात वाक्य चूक असलं की मॅडमचा आवाज शेवटाला किंचित वर जायचा, जणू त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हतं. लिहिलेल्या आठांपैकी तिची सात उत्तरं बरोबर निघाली. कपडा उजेडात धरल्यावर अचानक डाग दिसावा तसं तिला झालं. अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदानं आला.

बुधवारी तिनं मुद्दाम खात्री करून घेतली. मॅडम उतारा वाचत होत्या तेवढा वेळ दार लावून, नळ धो धो सोडून भांडी घासली. प्रश्न सुरू झाले तसा नळ बंद केला. या वेळी आठापैकी आठ.

एखादी शहाणी बाई मॅडमना बाजूला घेऊन हळूच सांगती. आत्या शहाणी होती, पण त्या घडीला तिच्या शहाणपणावर दोन महिन्यांची जळजळ चढून बसली होती. भाऊ आणि भावजय दोघंही त्या दिवशी घरी होती. आत्या हात पुसत बाहेर आली आणि सगळ्यांसमोर पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं.

"मॅडम, आजच्या उताऱ्यात काय होतं हो?"

"आजचा? एका पुलाबद्दल होता," मॅडम म्हणाल्या. "का बरं?"

"मला एक अक्षर ठाऊक नाही. नळ सोडून बसले होते. पण उत्तरं बघा, आठच्या आठ बरोबर. तुम्ही बरोबर उत्तर वाचता तेव्हा तुमचा आवाज सांगतो. मी बारावी नापास, मला कळतं, मग हिला कळणार नाही? तिचे कान तर माझ्याहून तिखट."

मॅडमनी पावतीपुस्तक उचललं, वाचलं, खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझ्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. मग स्वेटरचं बटण लावलं, पिशवी उचलली आणि गेल्या.

आत्या ठकूकडे वळली. काय अपेक्षा होती तिची, देव जाणे. पोरगी गळ्यात पडेल? ठकूनं पावतीपुस्तक चाचपलं आणि दूर सारलं.

"म्हणजे माझे अठरा खोटे होते?"

"अगं, तसं नाही..."

"तू माझ्यासाठी नाही केलंस हे. त्या तुला आवडत नाहीत म्हणून केलंस. माझ्यासाठी केलं असतंस तर आधी मला सांगितलं असतंस." ती उठली, भिंतीला हात लावत खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

भावजय एरवी आत्याला उलट बोलायची नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, "ताई, बोललात ते खरं असेल. पण बोलताना तुमचे डोळे चमकत होते."

शुक्रवारी मॅडम आल्या नाहीत. ठकू आत्याशी कामापुरतं बोलायची, हो, नाही, ठेव तिथे. पुढच्या आठवड्यात शाळेत सराव परीक्षा झाली. लेखनिक म्हणून अकरावीतली एक मुलगी दिली होती. बिचारीला सर्दी झालेली, वाचताना धाप लागायची, स्वल्पविराम खायची, आणि ए बी सी डी सगळं एकाच पट्टीत, गोण्या उतरवाव्यात तसं. ठकूला उताऱ्यात नऊ मार्क पडले.

तिनं घरी येऊन आकडा सांगितला तेव्हा आत्याच्या आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. एक क्षणभरच, पण झाल्या. बघ, मी म्हणत नव्हते? आणि लगेच तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती उठून उगाचच गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढू लागली. कपडे अजून ओले होते.

ठकू मागोमाग आली. कठड्याला हात लावून उभी राहिली. "आत्या, परीक्षेला पाच आठवडे आहेत. तू त्यांना घालवलंस, आता तूच आण."

"मी? मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं बोललीस त्याच."

आत्या गेली. मॅडम जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जिना चढताना आत्यानं चार वाक्यं जुळवली होती. दार उघडल्यावर त्यांतलं एकही आठवेना. मॅडमनीच खुर्ची पुढे केली.

"बरं झालं आलात. मी आरशासमोर वाचून बघते रोज," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे. उत्तर मला ठाऊक असलं की आवाज लपवता येत नाही."

"पण तुम्ही तर तीस वर्षं..."

"तेच तर. तीस वर्षं सपाट बोलले. गाडी वेळेवर असो, रद्द असो, कुणाचं मूल हरवलेलं असो, आवाज एकच ठेवायचा. साहेब म्हणायचे, घाबरू नका, रडू नका, फक्त सांगा. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच कुणाला तरी मन लावून वाचून दाखवायला मिळालं. आणि ती इतकी छान ऐकते! मला वाटायचं तिला बरोबर यावं. इतकंच."

आत्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. या बाईचा राग राग करायला आता काही धड कारण उरलं नव्हतं, आणि राग तर अजून जागेवरच होता. हे तिला फार गैरसोयीचं वाटलं.

"मी चारचौघांत बोलायला नको होतं," शेवटी ती म्हणाली. "चुकलं माझं. ठकूनं बोलावलंय तुम्हाला." मग तिला खरं बोलल्यावाचून राहवेना. "मला तुमचा हेवा वाटतो. अजूनही वाटतो. ती पहिलीपासून माझ्या गुडघ्याला टेकून शिकली."

"ठाऊक आहे मला," मॅडम म्हणाल्या. "रोज सांगते ती."

"काय सांगते?"

"ते तिलाच विचारा."

आत्यानं ते कधीच विचारलं नाही. धीर झाला नाही.

तोडगा ठकूनंच काढला. उतारा आणि प्रश्न दोन्ही आत्यानं वाचायचे. आत्याला उत्तरं ठाऊक नसतात, त्यामुळे तिचा आवाज चुगली करू शकत नाही. मॅडमनी तोंडातून चकार शब्द न काढता बसायचं, आणि सगळी उत्तरं देऊन झाल्यावर काय चुकलं, का चुकलं ते समजवायचं. पहिल्या दिवशी आत्या 'रिलक्टंट' या शब्दाशी अडखळली तेव्हा मॅडमनी सवयीनं तोंड उघडलं.

"सांगू नका," ठकू म्हणाली. "वाचू दे तिला तसंच. परीक्षेत कोण येईल, कसं वाचेल, कुणास ठाऊक. आत्या, अक्षरं सांग."

आत्यानं अक्षरं सांगितली. ठकूनं क्षणभर डोकं झुकवून ती जुळवली, अगदी पूर्वीसारखी. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओळ निसटू नये म्हणून तिनं बोट कागदावरून हलवलं नाही.

पाच आठवडे हे असं चाललं. वरवर पाहता तिघींचं मेतकूट जमलं होतं. आत काय होतं ते आत्यालाच माहीत. उतारा संपला की तिचं काम संपायचं, आणि मग मॅडम खुर्ची पुढे ओढायच्या. त्या दोघी शब्दांबद्दल बोलू लागल्या की आत्याला कळायचं नाही. एकदा त्या कुठल्याशा वाक्यावरून इतक्या हसल्या की आत्यानं विचारलं, "काय झालं?" ठकू म्हणाली, "मराठीत सांगितलं तर मजा जाईल गं." तो घाव आत्याला इसलँडपेक्षा खोल लागला. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पाय धुऊन, पुस्तक घेऊन टेबलाशी हजर होती.

परीक्षेला दुसरीच लेखनिक मिळाली, दहावीतली, भित्री. ठकूनं तिला आधी धीर दिला, मग दोनदा उतारा वाचायला लावला, अडेल तिथे अक्षरं विचारली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "जमलंय बहुतेक."

निकाल लागला त्या दिवशी आत्या काउंटरवर होती. एका गिऱ्हाइकाचा कोट हातात असताना ठकूचा फोन आला. इंग्रजीत शंभरपैकी चौऱ्याऐंशी! आत्या इतक्या मोठ्यानं ओरडली की मालक आतून धावत आला.

"मॅडमना कळवलंस का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"हो, त्यांनाच केला ना आधी," ठकू म्हणाली. लगेच आवाज बदलला. "म्हणजे, त्यांचा फोन पटकन लागला..."

"बरं केलंस," आत्या म्हणाली. ठकूला खोटं बोलता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गिऱ्हाईक गेल्यावर तिच्या लक्षात आलं की कोटाला चिठ्ठी भलत्याच नंबराची टाचली गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ठकू आता दुसऱ्या शहरात इंग्रजी घेऊन शिकते, हॉस्टेलवर राहते. दर रविवारी ती मोबाईलवर बोललेले निरोप पाठवते, एक आत्याला, एक मॅडमना. संध्याकाळी आत्या आपणहून तिसरा मजला चढते. मॅडम चहा ठेवतात, दोघी मिळून पोरीची चौकशी करतात, म्हणजे एकमेकींकडेच. आत्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलते, कप धुऊन ठेवते, निघायला उठते, आणि चपला घालता घालता, सहज आठवल्यासारखं विचारते, "तुम्हाला किती मिनिटांचा आला?"

"सव्वादोन," मॅडम म्हणतात. "तुम्हाला?"

"तीन," आत्या सांगते, आणि गुडघे दुखत असूनही जिना भराभर उतरते. ज्या रविवारी तिचा दीडच मिनिटांचा असतो, त्या रविवारी ती विचारत नाही.